गावच्या वाचनालयात कायद्याचं कपाट: काय ठेवायचं, काय सांगायचं, कुठं थांबायचं

ग्रंथमित्र_दारव्हा
आमचं 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. एक लोखंडी कपाट रिकामं झालं आहे, एक संगणक आणि प्रिंटर आहे. त्यात कायद्याची पुस्तकं ठेवायची असं कार्यकारिणीत ठरलं. लोक जे विचारत येतात ते असं: बाप वारला, सातबारावर नाव कसं चढवायचं, शेजाऱ्यानं पांदण (शेतात जायचा रस्ता) नांगरली, सोयाबीन उगवलं नाही, ठाण्यात तक्रार घेत नाहीत, नवऱ्यानं टाकून दिलं, पोटगी कशी मागायची. यातल्या निम्म्या लोकांना वकील करायची ऐपत नाही, उरलेल्यांना तेवढ्यासाठी वकील कशाला असं वाटतं.
मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, पैसे थोडे असताना कोणती पुस्तकं आधी घ्यावी. दुसरी, दान आलेल्या जुन्या पुस्तकांचं काय करावं (दोन पोती आहेत). तिसरी, वाचनालयात बसणाऱ्या पोरानं कुठवर बोलावं. जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

विधी_ग्रंथपाल
आधी पोती उघडा. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर छापल्याचं वर्ष पाहून ते पाठीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. कायद्याच्या कपाटात पुस्तकाच्या नावाइतकंच वर्षाला महत्त्व आहे. २०१५ सालचं ग्राहक संरक्षणाचं पुस्तक दिसायला कोरं करकरीत असेल, पण तो १९८६ चा कायदा आहे आणि आता २०१९ चा लागू आहे. ते पुस्तक समोर राहिलं तर माणूस जुन्या कलमानं तक्रार लिहील.
भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा रद्दीत घालू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते आणि असे खटले अजून बरीच वर्षं चालणार. जुनी पुस्तकं खालच्या फळीवर ठेवा, वर चिठ्ठी लावा: 'गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तरच'.
खरेदी फक्त बेअर अ‍ॅक्टची करा, म्हणजे नुसता कायदा, भाष्य नाही. जाडजूड भाष्यग्रंथ वकिलाच्या कामाचे, गावात धूळ खातात. माझा क्रम असा राहील: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ (मराठीत), मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६, मुदत अधिनियम १९६३, माहितीचा अधिकार २००५, ग्राहक संरक्षण २०१९, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध २००५, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम आणि नवे तीन फौजदारी कायदे. नोंदणी अधिनियम पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. नागपूरच्या शासकीय ग्रंथागारात राज्याचे कायदे मिळतात, पण जायच्या आधी साठा विचारून घ्या.
संगणकावर 'इंडिया कोड' हे सरकारी संकेतस्थळ उघडून ठेवा. केंद्राचे आणि राज्याचे कायदे तिथं फुकट आहेत. छापील पुस्तकात कलमाखाली बारीक अक्षरात टीप असते, 'सन अमुकच्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक तमुक अन्वये हा मजकूर दाखल'. लोक ती ओलांडून जातात. पुस्तक घेताना आणि वाचताना ती टीप आधी पाहा. तिच्यातलं सगळ्यात अलीकडचं साल पुस्तकाच्या सालाहून बरंच जुनं असेल, तर मुखपृष्ठावरचं 'नवीन आवृत्ती' खोटं असू शकतं.

नायब_निवृत्त
पुस्तकांबद्दल वर आलंच. मी कपाटापुढं बसणाऱ्या पोराबद्दल लिहितो. माणूस आला की तो गोष्ट सांगतो, आजोबांपासून. गोष्ट ऐकावी, पण लिहून घ्यायच्या गोष्टी चारच: हातात कागद कोणता आहे, त्यावर सही कोणाची, तारीख काय, आणि तो कागद याला मिळाला कधी. शेवटचे दोन प्रश्न वेगळे आहेत. महसुली अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात. जमीन महसूल संहितेचं कलम २५० पाहा: जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर ६० दिवस, एरवी ९० दिवस. नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वगळतात. उशीर झालाच तर कलम २५१ खाली विलंबमाफीचा अर्ज अपिलासोबतच द्यायचा, नंतर नाही.
वारस नोंदीत काय होतं ते सांगतो, कारण निम्मे प्रश्न तेच असणार. कलम १४९ प्रमाणं हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवायचं. तीन महिने उलटले म्हणून नोंद नाकारता येत नाही, हे पोरानं पाठ करून ठेवावं. अर्जासोबत मृत्यू दाखला, सातबारा, ८-अ (खातेउतारा), सगळ्या वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ता, आणि प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र. अर्ज 'ई-हक्क' प्रणालीतून घरबसल्याही होतो. आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये जातो, चौकशी होते, वारस ठरतात, मग फेरफार म्हणजे नमुना ६ मध्ये नोंद पडते. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, मग सातबारावर नाव येतं. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये जातं.
अडतं कुठं? सातबारावर 'नामा', दाखल्यावर 'नामदेव'. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच द्यावं, नाहीतर मंडळ अधिकारी नोंद परत पाठवतात. दुसरं म्हणजे वारसांची यादी अर्धी असते. बहिणींची नावं 'लग्न झालं' म्हणून गाळतात.

कपाशी_बारा_एकर
बहिणीच्या हक्काचं २००५ नंतर झालं ना? म्हणजे बाप २००५ च्या आधी गेला असेल तर नाही?

वकील_तालुका_कोर्ट
दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाऊ. बापाच्या स्वतःच्या किंवा त्याच्या वाट्याच्या मिळकतीत मुलगी १९५६ पासूनच वर्ग एकची, म्हणजे पहिल्या हक्काची, वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं सहहिस्सेदार झाली. त्यासाठी त्या तारखेला बाप हयात असायला हवा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात मिटवला. हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी या दुरुस्तीनं उकलत नाही.
बहिणींपेक्षाही जास्त वेळा गळते ती आई. तरणा मुलगा गेला, मागं बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. सातबारावर बायको आणि लेकरं चढतात. आईसुद्धा वर्ग एकची वारस आहे, तिला विधवेइतकाच आणि एकेका लेकराइतकाच हिस्सा. बाप मात्र वर्ग दोनमध्ये, त्याला यात काही नाही. तक्ता करून भिंतीवर लावा.
बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर शंभराच्या की पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून काही होत नाही. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं. नोटरी केलेल्या कागदावरून मंडळ अधिकाऱ्यानं नोंद घेतली तर ती पुढं उडते.

मेळघाट_वाचक
एक भर. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २(२) वाचा. अनुसूचित जमातींना तो कायदा आपोआप लागू नाही. गोंड, कोरकू, कोलाम कुटुंबातला प्रश्न असेल तर वरचा तक्ता दाखवून हात झटकू नका, तालुका विधी सेवा समितीकडं पाठवा. आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीनं घ्यायचा प्रश्न असेल तर आधी महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६-अ. परवानगीशिवायचा व्यवहार ही जन्माची डोकेदुखी आहे.

नायब_निवृत्त
बरोबर. आता एक चूक जी अर्ज लिहून देणारे हमखास करतात. जिथं अपील करायचं तिथं कलम १५५ चा दुरुस्ती अर्ज टाकतात, कारण १५५ ला मुदत दिसत नाही. १५५ लेखनप्रमादासाठी आहे, म्हणजे फेरफारात ०.८१ हेक्टर आणि सातबारावर ०.१८ आलं, अशा गोष्टींसाठी. 'माझं नाव गाळलं, हिस्सा कमी धरला' हा मालकीचा वाद झाला, त्याला कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील. १५५ चा अर्ज वर्षभर पडून राहतो, शेवटी 'हे प्रकरण दुरुस्तीत बसत नाही' म्हणून निघतो, आणि तोवर अपिलाचे ६० दिवस कधीच संपलेले असतात.

ग्रंथमित्र_दारव्हा
हे कार्डावर लिहून लावतो. आता पांदणीबद्दल कोणी सविस्तर लिहील का? पेरणीच्या तोंडावर रोज एक जण येतो.

पांदण_आणि_धुरा
आधी एकच प्रश्न विचारायचा: रस्ता होता आणि अडवला, की रस्ताच नाही आणि नवा हवा? दोन्हींना कायदा वेगळा, अर्ज वेगळा. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडंच जातात म्हणून लोक घोळ करतात.
होता आणि अडवला: मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५(२). अडथळा दूर करून पुन्हा अडवू नये असा आदेश मागता येतो. मुदत सहा महिने, अडथळा झाल्यापासून. 'दोन वर्षांपासून शेजारी त्रास देतो' असं पहिल्याच ओळीत लिहिलं की दावा मुदतबाह्य, अर्ध्या मिनिटात. शेवटचा अडथळा कोणत्या तारखेला, कोणत्या जागी, कशानं (नांगरून, काट्या टाकून, नाली खोदून) हे खरं असेल ते नेमकं लिहायचं. तारीख वाढवून लिहू नका. समोरचा जुनी पोलीस तक्रार काढून दाखवतो आणि दावा तिथंच पडतो. कलम ७ मध्ये दाव्यात काय हवं ते दिलं आहे: दोघांची नावं-पत्ते, मिळकतीचं वर्णन, दाव्याचं कारण घडल्याची तारीख, साक्षीदार आणि कागदांची यादी. खाली सत्यापन, म्हणजे वरचा मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून देणं. ते नसेल तर तो नुसता तक्रार अर्ज राहतो, दावा होत नाही.
रस्ताच नाही: महसूल संहिता, कलम १४३. इथं रस्ता मिळतो तो दुसऱ्याच्या बांधावरून, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत धुऱ्यावरून. शेताच्या मधून नाही. अर्जात 'मधून द्या' मागितलं की नापास. तहसीलदार पाहतात ते शेतकऱ्याला शेतात जायची वाजवी गरज आहे का. म्हणून अर्जासोबत कच्चा नकाशा जोडा: तुमचा गट, लगतचे सगळे गट, सार्वजनिक रस्ता कुठं, मागितलेला धुरा कोणता, आणि दुसरा रस्ता का नाही. ज्यांच्या धुऱ्यावरून जाणार त्या सगळ्यांना सामनेवाले करा, दोन्ही बाजूंच्या धारकांना. एकाला गाळलं की त्याला ऐकलं नाही म्हणून आदेश वर रद्द होतो. १४३ च्या निर्णयावर नाराज असणाऱ्याला एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. मामलेदार कायद्यात अपील नाही, कलम २३ खाली फेरतपासणी आहे.
दोन्ही कलमं एकाच अर्जात टाकू नका. तहसीलदारानं कोणत्या कलमाखाली आदेश दिला हेच कळत नाही आणि वरच्या कार्यालयात त्याच मुद्द्यावर प्रकरण परत येतं.

वैनगंगा_काठ
पांदणीचा पुरावा म्हणून गावनकाशा आधी काढा. भूमी अभिलेख कार्यालयातून, लोक टीएलआर म्हणतात तेच. पांदण नकाशात दाखवली असेल तर अर्धं काम झालं.
आमच्या भंडाऱ्याकडं दुसरा एक खजिना आहे, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महसूल संहितेतली कलमं १६० ते १६५ पाहा. तो भाग फक्त विदर्भाला लागू आहे, पुण्या-नाशिकच्या मार्गदर्शक पुस्तकांत तो सापडत नाही. निस्तार पत्रकात गावची पडीक जमीन, गुरं चारणं, सरपण, मुरूम, माती कोणी कशी घ्यायची. वाजिब-उल-अर्जमध्ये पाण्याचा आणि जाण्यायेण्याचा वहिवाटीचा हक्क. 'सर्व काश्तकार अमुक खसऱ्यातून जातात' अशी एक ओळ असली तरी तहसीलदारासमोर ती दहा साक्षीदारांना भारी.

पांदण_आणि_धुरा
खरं आहे, पण धागाकर्ते दारव्ह्याचे आहेत. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा ही वऱ्हाडची, तिथं रयतवारी होती. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा मालगुजारीचा मुलूख, ती १९५० च्या कायद्यानं गेली. त्यामुळं नागपूर बाजूला ज्या जुन्या दप्तरात हात घालायचा ते दप्तर वऱ्हाडात तसंच सापडेल असं नाही. वऱ्हाडात गावनकाशा, जुने फेरफार आणि जुने पीकपेरे आधी पाहावे. निस्तारची चौकशी करा, पण त्यावर विसंबू नका.
आणखी एक: २०२५ च्या महसूल विभागाच्या शासन निर्णयानं शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद देण्याचं आणि मंजूर रस्त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्याचं सांगितलं आहे. आदेश मिळाला की ती नोंद झाली का ते पाहा. नोंद नसेल तर शेत विकलं गेल्यावर नवा मालक पुन्हा अडवतो.

ताई_वर्धा
एक शंका. आदेश झाला, तरी शेजारी ऐकत नाही. मग?

नायब_निवृत्त
ताई, अंमलबजावणीचा वेगळा अर्ज द्या त्याच तहसीलदाराकडं, आदेशाची प्रमाणित नक्कल जोडून. मंडळ अधिकारी जागेवर जाऊन रस्ता खुला करून पंचनामा करतात, गरज पडल्यास पोलीस बंदोबस्त मागतात. पंचनाम्यात रस्त्याची लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहायला लावा. 'रस्ता मोकळा करून दिला' एवढंच लिहिलेला पंचनामा पुढच्या पावसाळ्यात उपयोगाचा नाही.

नक्कल_शाखा
नकलेवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रमाणित नकलेच्या मागच्या पानावर शिक्का असतो, त्यात तीन तारखा: अर्ज आल्याची, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची. अपिलातली मुदत याच तारखांवरून मोजतात. मुदत अधिनियमाचं कलम १२ हेच सांगतं, नक्कल मिळवायला लागलेला काळ वगळायचा. पण वगळला जातो तो नक्कल तयार होईपर्यंतचा. तयार असलेली नक्कल तुम्ही महिनाभर आणली नाही तर तो महिना तुमच्या खात्यावर. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायचा. झेरॉक्स काढताना लोक पुढची पानं काढतात आणि शिक्क्याचं मागचं पान सोडतात. प्रिंटरजवळ पाटी लावा: 'मागची बाजूसुद्धा'.
नकलेचा अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज यात गोंधळ नको. अपिलाला जोडायची तर प्रमाणित नक्कलच काढा. फाईलमध्ये टिपणी काय झाली, अर्ज कोणाच्या टेबलावर आहे, हे हवं असेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'माझ्यावर अन्याय का झाला' असं विचारू नये, कारण अधिकारी कारणं द्यायला बांधील नाही. 'अर्ज क्रमांक अमुकवर घेतलेल्या टिपणीची प्रत' असं मागावं. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

कपाशी_बारा_एकर
बियाण्याचं कोणी लिहा ना. दरसाल रडगाणं आहे.

ग्राहक_मंच_अभ्यासक
मंच आता आयोग झाला, पण आयडी बदलत नाही :)
बियाणं उगवलं नाही तर पहिला अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, पोच घेऊन. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणीला येते. तिचा पंचनामा हा पुढच्या सगळ्या प्रकरणाचा कणा. अडचण अशी की पाऊस आहे तोवर शेतकरी दुबार पेरणी करतो, आणि समिती येते तेव्हा वावरात दुसरंच बियाणं उभं असतं. दुबार पेरणी टाळता येत नसेल तर निदान पेरणीच्या काही ओळी (तासं) तशाच ठेवा, आणि पेरणी मोडायच्या आधीचे फोटो तारखेसह.
पंचनाम्यात हवं ते: लॉट नंबर, पेरणीची तारीख आणि खोली, जमिनीत ओल होती का, उगवण किती टक्के, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समितीच्या मते कारण काय. कारणाचा रकाना कोरा असला की कंपनी पावसावर आणि पेरणीच्या खोलीवर ढकलते. सही करण्याआधी तो रकाना वाचून घ्या.
पिशवी, तिचं लेबल आणि पक्कं बिल जपून ठेवा. पिशवीत मूठभर बियाणं उरलं असेल तर सोन्यासारखं सांभाळा, पण उरलं नाही म्हणून तक्रार मरत नाही. शेतकरी बियाण्याचा नमुना राखून ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात म्हटलं आहे. शेतकरी 'ग्राहक' आहे हेही त्यातच. या निकालाची प्रत छापून कपाटात ठेवाच.
तक्रार जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत. बियाण्याची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि गावातल्या कोणाचीच पिशवी तेवढ्याची नसते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी हैदराबादची असली तरी. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. नुकसानीचा हिशेब आकड्यात: बियाणं, खत, पेरणीची मजुरी, आणि त्या मंडळातलं सरासरी उत्पन्न गुणिले बाजारभाव. 'मानसिक त्रासापोटी पाच लाख' लिहून पहिल्याच पानावर अविश्वास ओढवून घेऊ नका.

वकील_तालुका_कोर्ट
आता तिसऱ्या प्रश्नाकडं येतो, कुठं थांबायचं.
स्वतःचं प्रकरण स्वतः चालवायला कोणालाच बंदी नाही. पण दुसऱ्याचं चालवायला अधिवक्ता अधिनियम १९६१ आड येतो, वकील नसताना वकिली केली तर कलम ४५ खाली शिक्षा आहे. वाचनालयातल्या पोरानं कलम काढून दाखवावं, शब्दाचा अर्थ सांगावा, कोणतं कार्यालय, कोणता अर्ज, मुदत काय, हे सांगावं. 'तुझी केस मजबूत आहे', 'तडजोड करू नको', 'हे कलम लाव, ते नको' इथं तोंड मिटायचं. आणि अर्ज लिहून द्यायचे पैसे अजिबात घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नको.
छापील कोरे अर्ज ठेवू नका असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या जागा भरल्या की लोकांना काम झालं वाटतं.

विधी_ग्रंथपाल
इथं मी सहमत नाही, वकीलसाहेब. माहिती अधिकाराचा आणि वारस नोंदीचा अर्ज ठरावीक साच्याचा असतो, तो कोरा ठेवला तर बिघडत काही नाही, उलट कोर्टासमोरच्या टायपिस्टचे पैसे वाचतात. मामलेदार दाव्याचा साचा मात्र ठेवू नये, कारण त्यात अडथळ्याच्या तारखेभोवती सगळं फिरतं.

वकील_तालुका_कोर्ट
वारस नोंदीपुरतं मान्य. मात्र त्या कोऱ्या अर्जात वारसांच्या रकान्याखाली 'आई, विवाहित मुली, आधी वारलेल्या मुलाची बायको व मुलं' असं छापा. नाहीतर साच्यानंच चूक वाढेल.
आणि विधी सेवेचा पत्ता कपाटावर ठळक लावा. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या इमारतीतच असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. मदत क्रमांक १५१००. शिवाय स्त्रियांना मालमत्ता, पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. हे तालुक्यातल्या कित्येक बायांना माहीत नसल्यामुळं त्यांचं प्रकरण दाखलच होत नाही. पोटगीचं कलम आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, जुनं १२५.

मेळघाट_वाचक
ठाण्याबद्दल कोणी बोललं नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर (एफआयआर) घ्यायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४): लेखी मजकूर टपालानं पोलीस अधीक्षकांना, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज, प्रतिज्ञापत्रासह. टपालाची पावती जपा, दंडाधिकारी ती विचारतातच. खबरीची प्रत फुकट मिळते. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे हे कारण चालत नाही.

अकोला_डिजिटल
संगणकाबाबत थोडं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरण शोधायला सोळा अक्षरी-आकडी सीएनआर क्रमांक सगळ्यात खात्रीचा. समन्सवर असतो, नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधा, पण नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेनं टाकून पाहा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर फुकट आहेत, काही मराठीतही.
सध्या पोरं मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारून निकाल घेऊन येतात. नाव दणदणीत, वर्ष बरोबर वाटतं, आणि तो निकाल अस्तित्वातच नसतो. ई-एससीआरवर किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडून दिसल्याशिवाय छापून द्यायचं नाही असा नियमच करा.
दुसरं, महाभूलेखवरचा फुकटचा सातबारा फक्त पाहण्यापुरता, त्यावर 'कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही' असं लिहिलेलंच असतं. अर्जाला डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांचा.

कपाशी_बारा_एकर
प्रतिज्ञापत्राला कोणता मुद्रांक लागतो? आमच्याकडं वेंडर पाचशेचाच देतो.

नक्कल_शाखा
सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. शासनाचा तो आदेश छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, कारण खिडकीवरचा बाबू आदेश पाहिल्याशिवाय ऐकत नाही.

ग्रंथमित्र_दारव्हा
सगळ्यांचे आभार. कार्डं करायला घेतली आहेत, एका कार्डावर चार ओळी: प्रश्न, कायदा आणि कलम, कार्यालय, मुदत. मागच्या बाजूला लागणारे कागद. एक शंका उरली: '८-अ आणा' म्हटलं की लोक ग्रामपंचायतीतून नमुना ८ घेऊन येतात.

नायब_निवृत्त
कार्डावर '८-अ' एवढंच लिहू नका. 'तलाठ्याकडचा ८-अ (शेतीचा खातेउतारा)' लिहा, आणि घराच्या प्रश्नाच्या कार्डावर 'ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरकर आकारणी)'. नमुना ८ मालकीचा कागद नाही, कर कोणाच्या नावानं लागतो एवढंच सांगतो, हेही त्याच ओळीत घाला. आणि कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तपासल्याची तारीख टाका. कलम बदललं की पुसून नवी टाकता येते.